खाजनातील भात आणि मानसची दारे



मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल, साळ या नद्यांच्या काठाने भरतीच्या वेळी चालत जाणाऱ्या मनुष्याला एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. एका बाजूला खारे पाणी बांधाच्या माथ्याजवळ चढलेले असते, आणि दुसऱ्या बाजूला, त्या पाण्याच्या पातळीहून खाली, भाताचे हिरवे शेत पसरलेले असते. दोहोंच्या मध्ये काही हात रुंदीचा चिरे-मातीचा बांध तेवढा उभा असतो. हीच गोव्याची खाजन जमीन. तिचे क्षेत्र सुमारे अठरा हजार हेक्टर मानले जाते. तिसवाडी, बारदेश, सासष्टी, फोंडा, पेडणे अशा तालुक्यांतील कित्येक गावांची पेज पिढ्यान् पिढ्या या जमिनीवर शिजली.

ही जमीन निसर्गाने दिलेली नाही. खाडीकाठच्या दलदलीत, खारफुटीच्या रानात, गावकऱ्यांनी एकजुटीने माती टाकून ती भरतीच्या तोंडातून काढून घेतली. एकट्यादुकट्या कुटुंबाला हे काम कधीच झेपले नसते. म्हणूनच खाजनाचा इतिहास हा गावकरीचा, म्हणजे जमीन सामाईक धरणाऱ्या ग्रामसंस्थेचा, इतिहास आहे. पुढे तिलाच कोमुनिदाद हे नाव पडले. पोर्तुगीजांनी ही संस्था निर्माण केली, असा समज अद्यापही कोठे कोठे आढळतो. तो खरा नव्हे. अफोन्सो मेशिया याने १५२६ साली जी सनद तयार केली, तिच्यात गावांत आधीपासून चालत आलेले रीतिरिवाज नोंदविले गेले. राज्यकर्त्याला कर हवा होता, आणि कर हवा तर बांध शाबूत हवा, हे त्याला तेव्हाच उमगले होते.

आता या शेतीचे मर्म पाहू. बाहेरचा बांध नदीच्या लाटा अडवितो. त्याच्या नदीकडच्या अंगाला खारफुटी राखलेली असते, म्हणजे लाटेचा जोर आधीच मोडतो. आतल्या बाजूला लहान बांध, पाट आणि पोंय नावाचे पाण्याचे तळे असते. बाहेरच्या बांधात योग्य जागी मानस बसविलेले असते. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून चढू लागले, की त्याच्याच दाबाने झडपा मिटतात. ओहोटी लागली, की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि शेतातले जादा पाणी नदीत निघून जाते. यंत्र नाही, इंधन नाही. चंद्राच्या गतीवर चालणारे हे दार आहे. मात्र झडप कुजली, फटीत काटकी अडकली किंवा खेकड्यांनी बांधात बिळे केली, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात एका रात्रीत सारे शेत खारे होते. मातीत एकदा मुरलेले मीठ एका पावसात जात नाही. येथे शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाची शिक्षा साऱ्या गावाला भोगावी लागते. डोंगरउतारावरच्या शेतीत असे होत नाही.

उन्हाळ्यात शेत नांगरून ढेकळे वाळत ठेवायची, मृगाच्या पहिल्या पावसांनी त्यांतले मीठ विरघळू द्यायचे, ते पाणी ओहोटीला मानसमधून बाहेर काढायचे, आणि मग मोड आलेले बी चिखलात फेकायचे, ही येथील रीत. बियाणेही तसेच चिवट. कोरगुट हा तांबूस दाण्याचा, उंच वाढणारा भात खारेपणा सोसतो आणि काही दिवस पाण्याखाली राहूनही तग धरतो. असगो, मुणो ही त्याचीच भावंडे. उत्पन्न बेताचे, हे मान्य करावयास हवे. तथापि ज्या शेतात दुसरे बी जगतच नाही, तेथे बेताचे उत्पन्न हेच भरघोस. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान-१ आणि गोवा धान-२ या खारेपणा सोसणाऱ्या जाती तयार केल्या, त्या याच जाणिवेतून.

भाताबरोबर मासळी येते. भरतीबरोबर आत शिरलेली कोळंबी, शेवटे, काळुंदर, चणक आणि खेकडे पोंयीत वाढतात; ओहोटीला मानसच्या तोंडाशी जाळे लावून ती धरली जातात. या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होई आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होई. मासळीने बांध राखावा आणि बांधाने भात राखावा, असा हा हिशेब होता. कापणी झाल्यावर ज्या उंच भागात खारेपणा कमी, तेथे भाजीपाला होई. सांत इस्तेव बेटावरील सात शिरांच्या भेंडीला आणि आगशीच्या वांग्याला आजही बाजारात जे नाव आहे, ते याच नदीकाठच्या मातीने मिळविलेले.

मग हे बिघडले कोठे? कूळकायदा १९६४ साली झाला, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. हा न्याय होता, याविषयी दुमत असू नये. कोमुनिदादीच्या कारभारात गावकर नसलेल्यांना फारसा आवाज नव्हता, आणि घाम गाळणारा पुष्कळदा गावकर नसे. बांधाची सामाईक जबाबदारी मात्र हवेत राहू नये, म्हणून १९७५ च्या नियमांन्वये कुळांचे संघ स्थापन करून बांध व मानस त्यांच्याकडे सोपविण्यात आले, आणि मामलेदाराची देखरेख ठेवण्यात आली. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. परंतु ज्यांनी हळूहळू शेती सोडली, तेही संघाचे सभासद राहिले. भात न पिकविणाऱ्या सभासदाला मानसमधून दिसते ती केवळ लिलावाची रक्कम. कोळंबीचा भाव जसजसा चढला, तसतसे लिलाव घेणाऱ्याला खारे पाणी अधिक काळ आत हवेसे वाटू लागले. दार नको तेव्हा उघडे राहू लागले आणि शेजारच्या शेतातला भात करपू लागला. पूर्वी ज्याच्या ताटात भात होता, त्याच्याच हाती मानस होते. ही गाठ सुटली, आणि खाजनाच्या दुखण्याचे मूळ या सुटलेल्या गाठीतच शोधावे लागेल.

इतर कारणेही आहेतच. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालव्यातील बांध दशकानुदशके झिजविले. रस्ते आणि भराव यांनी पाण्याच्या वाटा बुजविल्या. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने खाजनात विकासकामांना बंदी घातली, आणि शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा राज्यात २०२३ साली आला, त्यांचे स्वागतच. पण कायदा भराव थांबवू शकतो, भात पेरू शकत नाही. पडीक खाजनात खारे पाणी राहिले, की तेथे खारफुटी उगवते. खारफुटी तोडण्यास कायद्याने मज्जाव आहे. आणि पाचदहा वर्षांनी शेत कसायला परत आलेल्या वारसाला आपल्या वाडवडिलांच्या शेतात रान उभे दिसते. दोन्ही बाजू खऱ्या असल्याने हा पेच अवघड आहे. तो टाळण्याचा एकच निर्वेध मार्ग म्हणजे शेत पडीकच न टाकणे.

त्या दिशेने काही गावे चालू लागली आहेत. ज्यांना स्वतः कसणे शक्य नाही त्यांनी जमीन एकत्र करावयाची, नांगरणी-कापणी यंत्राने करावयाची, खर्च आणि धान्य वाटून घ्यावयाचे, असे सामुदायिक शेतीचे प्रयोग गोव्यात होत आहेत. जुन्या गावकरीचेच हे नवे रूप म्हणता येईल. फरक एवढाच, की येथे जन्माने कोणी गावकर नाही. यंत्र मात्र मऊ खाजनात रुतते, म्हणून कापणीआधी पाणी वेळेवर काढावे लागते. म्हणजे गोष्ट फिरून मानसपाशीच येते.

तेव्हा संघाच्या वार्षिक बैठकीस येणाऱ्या प्रत्येकाने लिलावाच्या रकमेआधी लिलावाच्या अटी वाचाव्यात. दार कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत पूर्ण बंद राहील, त्याची किल्ली कोणाकडे असेल, अट मोडल्यास अनामत कशी जप्त होईल, आणि रकमेचा किती भाग बांधावर खर्च होईल, हे त्यांत स्पष्ट असावे. मामलेदार कार्यालयाने हिशेब मागावा, आणि कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाने पावसाआधी बांधाची पाहणी संघाच्या सभासदांना बरोबर घेऊनच करावी. शिक्षकांनाही यात सहज वाटा उचलता येईल. नदीकाठच्या शाळेतील मुले भरती-ओहोटीचे कोष्टक वर्गात वाचतातच. तीच मुले आठवड्यातून एकदा मानसपाशी जाऊन आतल्या-बाहेरच्या पाण्याची पातळी आणि दाराची स्थिती वहीत टिपू शकतील. वर्षभराची अशी वही बैठकीत ठेवली, तर दार कोणी उघडले यावर तंटा होणार नाही. तारीख वाचून दाखविता येईल.