यादीचं दुसरं पान

24 फेब्रुवारी 2020 रोजी महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी निघाली, 68 गावांची. पुढे गावोगावी याद्या लागल्या. यादीत कर्जखात्यापुढे विशिष्ट क्रमांक असे. तो घेऊन आपले सरकार केंद्रावर जायचं आणि आधार प्रमाणीकरण करायचं. हा क्रमांक ध्यानात ठेवा, आजच्या विषयाची किल्ली त्यातच आहे.

भिंतीवरची यादी एकदा छापली की बदलत नाही. मोबाइलवरची बदलत राहते. समजा, नावं अकारविल्हे आहेत, पानावर वीस. तुम्ही पहिलं पान पाहिलं. तेवढ्यात वरचं एक नाव कमी झालं. एकविसावं नाव विसावं झालं, म्हणजे पहिल्या पानावर सरकलं. तुम्ही 'पुढे' दाबलंत, तर दुसरं पान जुन्या बाविसाव्यापासून सुरू होणार. एकविसावा शेतकरी यादीत आहे, पण तुम्हाला तो दिसलाच नाही. माणूस घरी जाऊन सांगतो, "आपलं नाव नाही आलं."

याचं कारण असं, की बहुतेक ठिकाणी संगणकाला सांगितलेलं असतं, 'पहिली वीस सोडा, पुढची वीस द्या.' याला ऑफसेट म्हणतात. लिहायला सोपं म्हणून पुष्कळ जण तेच लिहितात. पण पाच हजार एकावं पान मागितलं, की आधीच्या एक लाख नोंदी संगणक मोजून टाकून देतो, आणि पानागणिक वेळ वाढत जातो.

त्याऐवजी म्हणावं, 'शेवटी दिसलेल्या नावाच्या पुढची वीस द्या.' अनुक्रमणिका असेल तर संगणक थेट त्या जागी पोचतो. वर कोणी आलं-गेलं तरी पुढचं कुणी निसटत नाही. व्हिएन्नाचे डेटाबेसचे जाणकार मार्कुस विनांड हेच वर्षानुवर्षं कळकळीनं सांगत आले आहेत. यात एकदम सत्तेचाळिसाव्या पानावर उडी मारता येत नाही, हे खरं. पण चुडाव्यासारख्या गावातल्या शेतकऱ्याला सत्तेचाळिसावं पान कशाला हवं? त्याला गाव निवडून नाव शोधता यायला हवं.

आता एकाच नावाचे चार मारोती असले तर? सारख्या नावांत आधी कोण, याची हमी डेटाबेस देत नाही. दर वेळी क्रम वेगळा लागू शकतो. मग एक मारोती दोन पानांवर येतो आणि दुसरा कुठेच येत नाही. म्हणून नावामागे विशिष्ट क्रमांकही लावायचा, क्रम लावताना आणि 'पुढची वीस' मागतानाही.

आणि आपला ळ! युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत ह नंतर. त्यामुळे तक्त्याच्या क्रमानं काळे हे कावळे आणि काशीद यांच्या आधी येतात, तर आपला माणूस त्यांना नंतर शोधतो. डेटाबेसला मराठीचा क्रम वेगळा सांगावा लागतो. जमिनीच्या गट क्रमांकाचंही तसंच आहे. तो अक्षरं म्हणून साठवला तर 1, 10, 100 आणि मग 2 येतो. इथल्या संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझं मनापासून सांगणं आहे: यादी ज्या क्रमानं लावाल, त्याच क्रमानं 'याच्या पुढचं' ही तुलनाही करा. एकीकडे मराठीचा आणि दुसरीकडे तक्त्याचा क्रम राहिला, तर पानं उलटताना काळ्यांची घरंच्या घरं गळतील.