उशिरा आलेले उत्तर

धावत्या मोटारीतील फोनपर्यंत एकच संदेश थेट येतो, तसाच भिंतींवरून परावर्तित होऊनही. या मिसळलेल्या लहरींतून मूळ संदेश वेगळा काढण्यासाठी ग्राहकयंत्रातील समकारकाला प्रत्येक नमुन्याचा गुणक ठरवावा लागतो, आणि तोही वाटा बदलण्यापूर्वी. उशिरा आलेले बिनचूक उत्तर काय कामाचे? १०० गुणकांची समीकरणे सरधोपट रीतीने सोडविताना ३,३०,००० गुणाकार पडतात. मात्र दोन नमुन्यांचा संबंध त्यांच्यातील कालांतरावरच अवलंबून असल्याने कोष्टकात तेच आकडे तिरपे उतरत जातात. अमेरिकन गणितज्ञ नॉर्मन लेव्हिन्सन यांनी १९४७ साली याच आधारे लहान कोष्टकाच्या उत्तरातून मोठ्याचे उत्तर उभारले. त्यांच्या लेखी ही युक्ती क्षुल्लकच होती! गुणाकार मात्र २०,०००च्या आसपास येतात. अँटेना अनेक असल्या की एकेका आकड्याच्या जागी आकड्यांची छोटी चौकट बसते; उभारणीची रीत तीच राहते.