बोटे, तान आणि भाव



गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत उमेद घालविलेल्या माणसाने संगीतावर बोलावे, हे धाडसच. पण वाद घरातच पेटला की विषय शोधावा लागत नाही. माझा मुलगा विजेच्या गिटारवर ‘मेटल’ नावाचे संगीत वाजवितो. त्याचे एकलवादन ऐकून मी एकदा म्हणालो, “ही बोटांची कसरत झाली, यात भाव कोठे आहे?” त्यानंतर त्याने माझ्यासमोर वाद्याला हात लावला नाही.

आक्षेप अगदीच निराधार नव्हता. स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीनची १९८४ सालची ‘रायझिंग फोर्स’ ऐकताना मन प्रथम दिपते, मग थकते. आपल्या मैफलींतही नुसत्या तयारीच्या तानांना टाळ्या पडतात आणि घरी परतताना एकही सूर सोबत येत नाही.

परंतु पुढे टोनी आयोमीची हकीकत वाचनात आली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, १९६५ साली, सतराव्या वर्षी, यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, तारा दाबण्याचा हात नेमका तोच. कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. हा राइनहार्ट आगीत हात भाजल्यानंतर दोन बोटांवर एकलवादन करणारा! आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढविले, पातळ तारा लावल्या, पुढे त्या सैल करून स्वरही उतरविला. ‘ब्लॅक सॅबथ’चा तो जड, काळोखा नाद पुष्कळसा या खटपटीतून घडला. यंत्रावर बोट गमावलेले सहकारी मी पाहिले आहेत. ही गोष्ट मला पुस्तकी वाटली नाही.

मग बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवले. थोरांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाणारा तो बालगायक. १९४७ नंतर क्षयाने काही वर्षे गाणे बंद पडले, एक फुप्फुस निकामी झाले. देवासला अंथरुणावरून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. नंतरच्या गायनात त्या छोट्या, अवचित उसळणाऱ्या स्वरावली आल्या. त्यांत तंत्र कोठे संपते आणि भाव कोठे सुरू होतो? श्वास मोजून खर्चणे हेही तंत्रच की!

हे सारे मी मुलाला गेल्या महिन्यात सांगितले. आज अभंगानंतर तो दहा मिनिटे वाजविणार आहे. ध्वनिवर्धकाच्या आवाजावरून समितीत मतभेद आहेत. मी मुलाच्या बाजूने आहे. पहिल्या रांगेतील ज्येष्ठांनी मात्र थोडे मागे बसावे, ही विनंती.