चावी हातात देताना

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



भाषण करणे हा माझा धंदा नव्हे. लोणावळ्यात जुन्या हमरस्त्याच्या कडेला माझे छोटेसे गॅरेज आहे आणि गेली 35 वर्षे मी मोटारसायकली दुरुस्त करीत आलो आहे. माझ्या हाताला पान्याची सवय, माइकची नाही. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर आपण सांभाळून घ्यावे.

आपल्या मावळात एक गोष्ट दरवर्षी घडते. बारावीचा निकाल लागतो किंवा मुलाला तळेगावकडच्या एखाद्या कारखान्यात पहिली नोकरी लागते, आणि घरात मोटारसायकल येते. म्हणजे मुलगा नवा, गाडी नवी, आणि आठवडा-दोन आठवड्यांत पाऊसही नवा! पाऊस तरी कसा? लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चावी हातात देताना आईवडील मुलाला एकच वाक्य सांगतात, "सांभाळून चालव." माझ्या अब्बांनीही मला तेच सांगितले होते.

साल होते 1986. मी 19 वर्षांचा होतो. अब्बांनी कर्ज काढून एक जुनी गाडी घेऊन दिली होती. मी ती पुसून चकाचक ठेवायचो, आणि त्यालाच देखभाल समजायचो. सप्टेंबरातल्या एका सकाळी धाकट्या भावाला मागे बसवून मी खंडाळ्याहून खोपोलीला निघालो. तो दहावीत होता. पेट्रोल वाचावे म्हणून त्या काळी पुष्कळजण करीत तेच मी केले. घाटाच्या तोंडाशी इंजिन बंद केले, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि नुसत्या ब्रेकवर उतरू लागलो. निम्म्या घाटात मागचा ब्रेक दाबला तर पाय खाली गेला, पण गाडीचा वेग कमी होईना. पुढच्या ब्रेकची केबल सैल होती, हे मला कित्येक दिवसांपासून ठाऊक होते. "उद्या करू" म्हणून ठेवले होते. शेवटी मी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. मला खरचटले, पण भावाच्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि त्याचे दहावीचे वर्ष गेले.

पुढे एका जाणत्या मेस्त्रीचाचांनी मागचे चाक उघडून मला लायनर दाखवले. ते पार झिजून गेले होते. चाचा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, तू गाडी सांभाळून चालवलीस, पण गाडीला कुठे सांभाळलेस?" आज मला जे सांगायचे आहे ते सगळे या एका वाक्यात आले. नंतर मी त्यांच्याच हाताखाली काम शिकलो.

विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी एक छोटे गणित मांडतो. गाडी आणि दोन माणसे मिळून 250 किलो वजन धरा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच आहे, आणि खोपोलीपर्यंत आपण 500 मीटरहून अधिक खाली उतरतो. या उतरण्यातून जी ऊर्जा निर्माण होते, तिने सुमारे साडेतीन लिटर थंड पाणी उकळीला येईल. वाऱ्याच्या विरोधात काही ऊर्जा खर्च होते, पण उरलेली सर्व उष्णता आपण ब्रेकच्या त्या वीतभर भागावर सोपवतो. शेजारीच आपला रेल्वेचा घाट आहे. 1863 साली तो मार्ग खुला झाला. तिथे 37 फुटांना 1 फूट असा चढ आहे. रेल्वे बांधणाऱ्यांनी ब्रेक निकामी होऊ शकतो हे गृहीत धरले आणि सुटलेली गाडी चढावर नेऊन थांबवणारे जादा रूळ, म्हणजे कॅच साइडिंग, घाटात ठेवले. तुमच्या मोटारसायकलीला कॅच साइडिंग नाही. तिची सोय आपल्याला घरून निघण्यापूर्वी, अंगणातच करावी लागते.

ती कशी करायची ते आता क्रमाने सांगतो. आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी दहा-पंधरा मिनिटे गाडीला द्या.

पहिली गोष्ट हवा. टायर थंड असताना ती तपासावी, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा फुगलेला दिसतो. बहुतेक लहान गाड्यांत पुढे 25 पौंड आणि एकट्याने बसायचे असेल तर मागे 28 पौंडाच्या आसपास हवा लागते. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकात आणखी भरावी लागते. नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर आणि पुस्तिकेत दिलेला असतो, तो पाठ करा. टायरच्या खाचांत मधून मधून रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलायलाच हवा. गुळगुळीत टायर कोरड्या रस्त्यावर निभावून जातो, ओल्या रस्त्यावर मात्र दगा देतो.

दुसरी गोष्ट ब्रेक. ड्रम ब्रेक असेल तर तो पूर्ण दाबून ड्रमजवळच्या आर्मवरचा बाण पाहा. बाण खुणेला जाऊन भिडला म्हणजे लायनर संपले. मग नट आवळून वेळ मारून नेऊ नका. डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरच्या डबीतले तेल खालच्या रेषेच्या वर हवे. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा शिरलेले तेल लांब उतारावर तापून उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर एकाएकी पोकळ लागते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे, आणि झाकणावर जो नंबर लिहिला असेल त्याच नंबरचे घालावे. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. चेनला तेल घालताना डिस्कवर किंवा टायरवर थेंबही उडू देऊ नका.

तिसरी गोष्ट चेन. गाडी मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि खालच्या बाजूची चेन मध्यावर बोटाने वरखाली हलवून पाहा. साधारण 20 ते 30 मिलिमीटर खेळ असावा. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी पाहा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही. दर 500 किलोमीटरला, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर, रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने ती पुसून तिला 90 नंबरचे ऑइल द्या. जुन्या धर्तीच्या चेनला लॉक असते. त्याची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवी. उलटे बसवलेले लॉक निसटू शकते. आणि मुलांनो, इंजिन चालू ठेवून चेन कधीही पुसू नका! चाक हातानेच फिरवा. त्या घाईत बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

चौथी गोष्ट इंजिन ऑइल. लहान गाडीत ते जेमतेम लिटरभर असते, म्हणून थोडे कमी झाले तरी फरक पडतो. गाडी सपाट जागी सरळ उभी करून पट्टीवर पातळी पाहा. मोटारसायकलीचा क्लच बहुधा याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे मोटारकारचे तेल घातले तर क्लच घसरू शकतो. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरा.

पाचवी गोष्ट केबल आणि दिवे. केबलची एक जरी तार तुटलेली दिसली तरी केबल बदला. तिला फार पैसे पडत नाहीत, आणि मी ती न बदलल्याने काय झाले ते तुम्ही आताच ऐकले. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा आणि दोन्ही ब्रेक एकेक करून दाबा. भिंतीवर लाल उजेड पडतो की नाही ते पाहा. खंडाळ्याच्या धुक्यात मागच्या ट्रकवाल्याला तुमचा तेवढाच भाग दिसतो.

आता रस्त्याविषयी थोडेसे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणून तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा आणि पुढे खोपोली हा जुना रस्ताच आपला. उतारावर गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे निम्मे काम इंजिन करील आणि ब्रेकला विसावा मिळेल. पेट्रोल वाचवण्याचा माझा जुना युक्तिवाद तर आता पार निकालात निघाला आहे. एप्रिल 2020 पासून आलेल्या नियमांमुळे बहुतेक नव्या गाड्यांत इंधन इंजेक्शनने जाते. गिअरमध्ये असताना मूठ सोडून उतरलात तर इंजेक्शन पेट्रोल जवळजवळ बंदच करते, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते ते जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचत नाही आणि गाडीही ताब्यात राहत नाही. पवन मावळात किंवा नाणे मावळात फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. साध्या पाण्यातून गेल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबत चला, म्हणजे लायनर सुकतील.

पालकहो, आता दोन शब्द आपल्याशी. गिअरची गाडी चालवायला 18 वर्षे पूर्ण आणि परवाना हाती असायला हवा. 2019 च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते. पण कायद्याच्या भीतीपेक्षा मला एक वेगळीच अट सुचवावीशी वाटते. मुलाने आपल्यासमोर हवा, ब्रेक, चेन, ऑइल आणि दिवे ही पाचही कामे स्वतःच्या हातांनी करून दाखवल्याखेरीज त्याला चावी देऊ नका. हीच अट मुलींनाही लावा. आपल्या मुली आता कॉलेजला आणि नोकरीला स्वतःची गाडी घेऊन जातात. हाताला ऑइल लागले म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. आणि मेस्त्रीकडे गाडी टाकली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजू नका. मेस्त्री तुमची गाडी चार महिन्यांतून एकदा पाहतो, तुम्ही तिच्यावर रोज बसता.

माझ्या भावाने दहावी पुढच्या वर्षी दिली आणि तो पास झाला. आज तो माझ्याच गॅरेजचा हिशेब पाहतो. जिना चढताना त्याचा पाय अजूनही थोडा ओढला जातो. त्याने मला एका शब्दानेही कधी बोल लावला नाही. पण मी गाडी बाहेर काढली की तो वहीतून मान वर न करता विचारतो, "भाईजान, ब्रेक पाहिलेस?" आणि मी पाहिलेले असले तरी पुन्हा एकदा पाहतो.

तुमच्या घरातही हा प्रश्न विचारणारे कोणीतरी असू द्या.