गोबरगॅस संयंत्र : पचनशक्ती जपली तरच शेगडी पेटेल



गोबरगॅस महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णाश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून ज्वलनशील वायू मिळविण्यात आला होता. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले, खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला आणि १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. तथापि संयंत्र बांधून झाले म्हणजे कार्य संपले, असे नव्हे. बांधकाम उत्तम असूनही गॅस येईनासा होतो, गृहिणी पुन्हा धुराच्या चुलीपुढे बसते आणि दोष मात्र संयंत्राला दिला जातो. अनेकदा या दोषाचे मूळ रोजच्या मापात असते.

संयंत्राची विहीर हे एक जिवंत पोटच होय. तेथे हवेवाचून जगणारे जिवाणू दोन टप्प्यांत काम करतात. पहिले शेण कुजवून आम्ले तयार करतात. दुसरे त्या आम्लांपासून मिथेन निर्माण करतात. पहिले चपळ असतात, तर दुसरे नाजूक असून त्यांची वाढ सावकाश होते. विहिरीतील सामू सुमारे ६.८ ते ७.५ राहिला, तरच दोघांचा मेळ टिकतो.

आता हिशेब पाहावा. एक किलो ताज्या शेणापासून साधारणपणे ४० लिटर गॅस मिळतो. म्हणून २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागते. त्यात तितकेच पाणी कालविले म्हणजे रोज सुमारे १०० लिटर काला विहिरीत जातो. पचनाला ४० दिवस धरले, तर ४,००० लिटर जागा हवी. अधिक गॅसच्या आशेने रोज १०० किलो शेण घातले, की तोच काला २० दिवसांत बाहेर पडतो. शेण अर्धवट पचते आणि मिथेन करणारे जिवाणू वाढण्यापूर्वीच वाहून जातात. आम्ल साचते, ज्योत मंदावते. गॅस कमी झालेला पाहून मालक आणखी शेण ओततो आणि दुखणे बळावते. अजीर्ण झालेल्याला आग्रहाने जेवू घालण्यासारखेच हे आहे.

हिवाळ्यात ही चूक हमखास घडते. जिवाणूंना सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. १५ अंशांखाली त्यांचे काम जवळजवळ थांबते. थंडीत गॅस घटला, तर शेण वाढवू नये. उन्हात तापविलेल्या पाण्यात काला करावा आणि विहिरीभोवती पाचटाचे आच्छादन घालावे.

संयंत्र आंबलेच, तर काही दिवस शेण घालणे बंद ठेवावे. शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या संयंत्रातील पचलेली मळी आणून घालावी. ज्योत निळी व स्थिर झाल्यावर प्रथम पाव, मग अर्धे आणि शेवटी पूर्ण माप द्यावे. चुन्याची निवळी द्यावयाचीच, तर अगदी बेताने. फिनेल, साबणाचे पाणी, कीटकनाशके आणि प्रतिजैविक औषधे दिलेल्या जनावरांचे शेण विहिरीत जाऊ देऊ नये. माती व काडीकचरा काल्यातून वेचून काढावा. तरंगती टाकी रोज फिरवावी, म्हणजे साय धरत नाही. नळीत साचलेले पाणी वेळोवेळी काढून टाकावे.

एक पथ्य मात्र प्राणांचे आहे. वापरात असलेल्या अथवा नुकत्याच उपसलेल्या विहिरीत कोणीही उतरू नये. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो; पहिल्याला काढावयास उतरलेला दुसराही बळी पडतो. तसेच नव्या संयंत्रातील पहिला गॅस हवेत सोडून द्यावा, कारण हवामिश्रित गॅसचा स्फोट होऊ शकतो.

शेणाची पाटी आणि पाण्याची बादली ठरलेल्या मापाची ठेवणे यास काहीही खर्च येत नाही. हे माप ज्या घरात पाळले जाते, तेथे शेगडी पेटती राहते आणि शेताला उत्तम खतही मिळते.