बी.पी. मोजतात, समज कोण मोजणार?

कापूस विकताना आपण काट्यावरची नजर हलू देत नाही. दवाखान्यात बी.पी. मोजतात, गोळ्या देतात. पण सांगितलेलं आपल्याला किती समजलं, हे कोण मोजतं? तेही मोजता येतं. तुर्कस्तानात २०१२ साली त्यासाठी २२ विधानांची मोजपट्टी तयार झाली. प्रत्येकाला उत्तर द्यायचं : बरोबर, चूक किंवा माहीत नाही.

आपणही तीन विधानं तपासू. बरं वाटलं की गोळी बंद करावी : चूक. बी.पी. वाढलं की त्रास जाणवतोच : चूक, बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. ठेचा, लोणचं, पापड त्यातच धरून : बरोबर.

पेरणीच्या घाईत गोळी सुटते, पुढं लकवा मारतो, अन् कर्ता माणूस खाटेवर पडला की घरच बसतं. 'माहीत नाही' म्हणण्यात आपल्याला लाज नाही. समजावणं राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. गोळी कधी घ्यायची, किती दिवस, चुकली तर काय, हे विचारल्याशिवाय आपण दवाखान्यातून उठायचं नाही.