कोळ्यावरचा आळ

पावसाळ्याच्या रात्री दिवा लावावा आणि न्हाणीघराच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी चिकटून बसलेला दिसावा, हा अनुभव आपल्या कोल्हापुरात कुणाला नवा नाही. पेठेतले जुने कौलारू घर असो की उपनगरातला नवा बंगला असो, हा पाहुणा कुठेही येतो. मग एकच गलका उडतो. "अहो, आधी केरसुणी आणा!" आणि पुढच्या क्षणी निकाल लागलेला असतो. आरोपी कोण, त्याने केले काय, हे विचारायला कुणाला सवड नसते. ती चौकशी आज आपण जरा शांतपणे करू या.

प्रथम ओळख पटवू. अंग चपटे, रंग तपकिरी, पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले, डोळ्यांच्या खाली फिकट पांढुरका आडवा पट्टा, आणि आसपास जाळे म्हणाल तर नाही. एवढे जुळले म्हणजे तो घरातला शिकारी कोळी समजावा. शरीर जेमतेम इंचभर. पण पायांसकट पसारा तीन-चार इंच, कधी त्याहूनही थोडा जास्त. 1767 साली स्वीडनच्या लिनियसने त्याचे वर्णन करून 'वेनाटोरिया', म्हणजे शिकार करणारा, असे नाव दिले. जगातल्या बहुतेक उष्ण मुलखांत तो आढळतो. केळीच्या घडांतून तो परदेशच्या बाजारांतही जाऊन पोचलेला आहे!

आपल्या जुन्या मराठीत कोळ्याला 'कांतीण' म्हणत. सूत कांतते ती कांतीण. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या भाविकांना दत्तात्रेयांचे चोवीस गुरू माहीत असतातच. त्यांतही ऊर्णनाभ, म्हणजे कोळी आहे. तो जाळे विणणारा. आपला हा भिंतीवरचा गडी मात्र शिकारीसाठी जाळे विणण्याच्या भानगडीत पडत नाही. रात्री दबा धरून बसतो आणि झुरळ दिसले की झडप घालतो. त्याचे रेशीम खरे कामी येते ते अंड्यांच्या पिशवीसाठी. ही चपटी, पांढुरकी, गोल पिशवी मादी पोटाखाली धरून हिंडते.

आता आरोपाकडे वळू. "कोळी अंगावर मुतला, म्हणून फोड उठले" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु या फोडांचे खरे धनी बहुधा दुसरेच असतात. पावसाळ्यात, विशेषतः भातशेतीच्या ओल्या भागातून, मुंगीसारखा दिसणारा नारिंगी-काळा बारीक किडा दिव्यावर येतो. त्याचे नाव पीडेरस. तो चावत नाही, डंखही करीत नाही. पण झोपेत मानेवर चिरडला गेला, की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. फोड उठतात ते दुसऱ्या दिवशी. तोवर किडा गेलेला असतो आणि भिंतीवर दिसतो तो कोळी! हा किडा अंगावर बसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी.

दुसरा धनी म्हणजे नागीण. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दबून राहतो आणि उतारवयात पुन्हा डोके वर काढतो. अंगाच्या एकाच बाजूला ठणका आणि फोडांचा पट्टा, ही त्याची खूण. यावर औषध आहे, आणि ते पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाले तर उत्तम. म्हणून कोळ्याला दोष देत लेप लावीत बसण्यात रुग्णाचे नुकसान होते. आजोबांच्या डोळ्याजवळ असे फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

मग कोळी अगदीच निरुपद्रवी का? तसेही नाही. हाताने धरला तर तो चावू शकतो, आणि दुखतेही. अशा वेळी जागा साबणाने धुवावी. सूज वाढत गेली किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टर गाठावा. पण आपण होऊन तो अंगावर येत नाही, पळ काढतो.

त्याला बाहेर घालवायची रीत सोपी आहे. पाय मावतील असा रुंद तोंडाचा डबा घ्यावा, पारदर्शक असला तर बरे. समोरून हळूच भिंतीवर उपडा ठेवावा. काठाखाली पाय सापडू देऊ नये. मग एखादी जुनी जाड लग्नपत्रिका भिंत आणि डबा यांच्यामधून सरकवावी. डबा पत्रिकेसकट उचलून बाहेर न्यावा आणि झाडाच्या बुंध्याशी किंवा सरपणाच्या ढिगाशी आडवा करून ठेवावा. तो आपला आपण जाईल. मादीजवळ पिशवी असेल तर ती ओढून काढू नये. केरसुणीने ढकलू नये, कारण पाय तुटतात. कोळ्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबाने ताठ होतात. मोठी जखम झाली तर त्याला चालताही येत नाही.

आणि तो पुन्हा पुन्हा येऊ नये असे वाटत असेल, तर मोरीला जाळी बसवावी, खरकटी भांडी रात्री तशीच ठेवू नयेत. घरात झुरळे नांदत असतील, तोवर त्यांचा शिकारी दारात येणारच!